अंडंसुद्धा शिवले नाहीत, तरी स्टेंट! हृदयासाठी नक्की खायचं काय?

कोथरूडची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे नेहमीप्रमाणे वेताळ टेकडीवर गेले आणि अर्ध्या चढावर छातीत जड झालं. फराळाची ॲसिडिटी असेल म्हणून घरी येऊन आडवे झाले. रात्री अकराला ॲडमिट, पहाटे एक स्टेंट. वय ५७. विडी-काडी, दारू काही नाही. सासूबाईंचा दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न : "आपल्या घरात कुणी अंडं शिवलेलं नाही, मग हे आलं कुठून?"

डिस्चार्जच्या वेळी आहाराचा कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स. "तेलकट-तुपकट टाळावे. मीठ कमी. फळे व हिरव्या भाज्या भरपूर. मांसाहार टाळावा." मांसाहार तर जन्मापासून टाळलेलाच आहे, आता अजून काय टाळायचं? मुलगी बंगळूरहून फोनवर सांगते, आई, पूर्ण प्लँट-बेस्ड व्हा, दूध-तूपही बंद करा. ह्यांचं म्हणणं, चहा बिनदुधाचा प्यायचा होता तर स्टेंट कशाला घातला?

डॉक्टर गोळ्यांबद्दल नीट बोलतात, पण स्वयंपाकघरात काय करायचं ते कुणी सांगत नाही. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

पर्वतीचे_अण्णा

ताई, काळजी करू नका. आमचे आजोबा वाटीभर तूप भातावर ओतून घेत आणि ९१ वर्षं जगले. ही सगळी रिफाइंड तेलाची कृपा. घाण्याचं तेल आणा, बाकी सगळं चालू ठेवा.

टेकडीवाला

अण्णा, आजोबा रोज किती चालत? आणि ज्यांचे आजोबा पन्नाशीत गेले ते इथे तुपाचे किस्से लिहायला येत नाहीत.

पर्वतीचे_अण्णा

रोज पर्वती चढून उतरत. दोनदा. तुमचा मुद्दा कळला, पण तुपावर अन्याय नको.

वाटी_चमचा

मी पुण्यातच आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. कोथरूडताई, उपाय नंतर. आधी ह्यांच्या एका दिवसाचं खाणं लिहा, सकाळच्या पहिल्या चहापासून. दवाखान्यात सांगतात तसं नको, खरं लिहा.

कोथरूडची_सून

खरं लिहिते, हसू नका.

सहाला चहा, दोन खारी. साडेआठला पोहे किंवा उपमा, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, सोबत पुन्हा चहा. डब्यात चार पोळ्या तूप लावून, बटाट्याची किंवा फ्लॉवर-बटाट्याची भाजी, लोणचं, भात, आमटी. चारला चहा आणि फरसाण. सहाला घरी आल्यावर चहा. रात्री पोळी-भाजी, दहीभात, पापड. झोपताना हळद घालून दूध. रविवारी मिसळ, तीही तर्री मागून घेऊन.

लिहिताना लक्षात आलं की चहा चार नाहीत, पाच आहेत. ऑफिसातला एक राहिला.

वाटी_चमचा

हसले नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचा दिवस असाच असतो.

आता बघा. तूप आणि दूध-दही बाजूला ठेवलं तर ही सगळी यादी वनस्पतीजन्यच आहे. पोहे, रवा, साबुदाणा, मैदा, साखर, बटाटा, पांढरा भात, सगळं झाडाचंच. पण पालेभाजी कुठे आहे? उसळ? कोशिंबीर? अख्खं फळ? आपण शाकाहार मोजतो तो ताटात काय *नाही* त्यावरून. रक्तवाहिन्यांना त्याचं सोयरसुतक नसतं, ताटात काय आहे तेवढंच त्यांना कळतं.

ही माझी मतं नव्हेत. हार्वर्डच्या गटाने अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक नर्स आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांचा वर्षानुवर्षांचा आहार तपासला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतीजन्य खाण्याचे दोन भाग केले होते. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा एकीकडे. मैदा, बटाटा, गोड पेयं, मिठाई दुसरीकडे. पहिल्या प्रकाराने खाणाऱ्यांत हृदयविकार कमी निघाला. दुसऱ्या प्रकाराने खाणाऱ्यांत *जास्त*. दोघंही शाकाहाराकडे झुकलेलेच.

सासूबाईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

निम्मा_डबा

आणि उरलेलं निम्मं?

वाटी_चमचा

उरलेलं आपल्या बांध्यात आणि रक्तात. केईएम हॉस्पिटलचे (आपल्या रास्ता पेठेतलं, परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांनाही सडपातळच म्हणेल. हातपाय काडीसारखे आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, हे चित्र पुण्यात कुठल्याही बसस्टॉपवर दिसेल.

अशा अंगाला जास्तीचा भात-मैदा-साखर मिळाली की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) करतं, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल खाली येतं. कोथरूडताई, ह्यांचा जुना रिपोर्ट असेल तर टाका. शिवाय डॉक्टरांना लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण) एकदा तपासायला सांगा. ते आनुवंशिक असतं, आपल्याकडे बऱ्याच जणांत वाढलेलं निघतं, आणि जेवण बदलून ते फारसं हलत नाही. अंडं शिवा नाहीतर न शिवा.

कोथरूडची_सून

ॲडमिट केलं तेव्हाचं : एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १४८, ट्रायग्लिसराइड्स २६२, एचडीएल ३४. वजन ७६, उंची पाच फूट सहा. सासरे ६१व्या वर्षी झोपेत गेले. तेव्हा कुणी कारण विचारलं नव्हतं.

हिरवा_देठ

तुमच्या मुलीला पाठिंबा! मी चार वर्षं व्हीगन आहे. डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० सालीच दाखवून दिलंय की शाकाहाराने ब्लॉकेज *मागे जातात*. गोळ्यांची गरजच राहत नाही.

टेकडीवाला

हिरवा_देठ, थांबा जरा. मी बायपासवाला आहे, तो प्रयोग चवीने वाचलाय. एकूण ४८ माणसं. ज्यांनी पथ्य केलं त्यांच्या नळ्यांचं सरासरी अरुंदपण वर्षभरात ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आलं, न करणाऱ्यांचं ४२.७ वरून ४६.१ वर गेलं. दिशा उलटली हे मोठंच, पण ब्लॉकेज वितळून वाहून गेलं असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. शिवाय त्यांनी नुसता आहार बदलला नव्हता. सिगारेट बंद, व्यायाम, ध्यान, गटात बसून बोलणं, सगळं एकत्र. स्निग्धांश काढलेलं दूध-दही त्यातही चालत होतं.

आणि "गोळ्यांची गरज राहत नाही" हे वाक्य कृपया स्टेंटवाल्याच्या धाग्यावर लिहू नका. स्टेंट नवा असताना रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद केली तर त्यात गुठळी होऊन माणूस जाऊ शकतो. आमच्या सोसायटीत एकाने काढ्याच्या भरवशावर सगळ्या गोळ्या सोडल्या होत्या. पुढचं लिहीत नाही.

हिरवा_देठ

ओके, गोळ्यांबद्दलचं वाक्य मागे घेते. पण स्टॅनफर्डचा जुळ्यांचा अभ्यास (२०२३) तर मान्य कराल? एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या, एकाला व्हीगन, दुसऱ्याला मिश्र पण चांगलाच आहार, आठ आठवडे. व्हीगन भावंडाचं एलडीएल सुमारे १४ अंकांनी जास्त उतरलं.

टेकडीवाला

मान्य. एकदम मान्य.

निम्मा_डबा

माझा मूळ प्रश्न तेलाचा. यूट्यूबवर एक अमेरिकन डॉक्टर तेलाचा एक थेंब नको म्हणतात, दुसरे ऑलिव्ह तेल प्या म्हणतात. आपण शेंगदाणा तेलवाली माणसं, जायचं कुठे?

वाटी_चमचा

एक थेंब नको म्हणणारे म्हणजे बहुतेक डॉ. एसेलस्टिन. दुसऱ्या बाजूला स्पेनचा मोठा प्रयोग आहे, प्रेडिमेड. साडेसात हजारांच्या आसपास माणसं, एका गटाला घरी भरपूर ऑलिव्ह तेल पोचवलं, एकाला सुकामेवा, तिसऱ्याला कमी स्निग्ध खायचा सल्ला. पहिल्या दोन्ही गटांत झटका, पक्षाघात वगैरे सुमारे ३० टक्क्यांनी कमी. २०१३चा हा निबंध माणसांच्या गटवाटणीतल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ साली नव्याने मांडावा लागला, निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे तेल हे विष नव्हे. कुठलं आणि किती, हा प्रश्न आहे. शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ, आलटून पालटून चालतील. खोबरेल, पाम, डालडा, तूप यांत संपृक्त स्निग्ध जास्त. त्यानं यकृताची रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायची दारं कमी होतात.

आणि पिशवीवरच्या "कोलेस्टेरॉल फ्री"ला भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. दगडाच्या पाकिटावर "बिनसाखरेचा" लिहिण्यासारखं आहे ते.

कोथरूडताई, महिन्याला तेल किती आणता?

कोथरूडची_सून

पाच लिटरचा डबा. तीन माणसं. कमीच वापरते मी, फोडणीला एक पळी फक्त.

कोथरूडची_सून

(दोन तासांनी) मंडळी, मी आत्ता ती पळी मोजली. मुलीचा केक करायचा मापाचा कप होता, त्यात ओतून बघितलं. माझी एक पळी म्हणजे ३५ मिली! लग्नात आईने दिलेली पितळी पळी, तीस वर्षं "एक पळी" म्हणजे थोडंसं असं समजत होते. मग हिशेब केला. पाच लिटर भागिले तीन माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ५५ मिली. सासूबाई तर चिमणीएवढं जेवतात, म्हणजे त्यांच्या वाटणीचंही ह्यांच्याच पोटात. त्यात बाहेरची मिसळ, फरसाण, खारी धरलेलीच नाही.

पळी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली आहे, तुपाच्या निरांजनासाठी. फोडणीला आता चहाचा चमचा.

पर्वतीचे_अण्णा

तुपाला निदान देव्हाऱ्यात जागा मिळाली. आभारी आहे.

वाटी_चमचा

दिवसाला माणशी चार-पाच चहाचे चमचे, सगळं धरून. महिन्याचा डबा दीड महिन्यावर ढकला, मग दोनवर. एकदम बंद केलंत तर पंधरा दिवसांत हे परत मिसळीच्या रांगेत उभे दिसतील.

आता काय *वाढवायचं* ते. डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी टोरांटोत 'पोर्टफोलिओ' आहार म्हणून एक गंमत केली. एलडीएल थोडंथोडं उतरवणारे पदार्थ एकत्र केले : ओट्स, जव, बदाम, सोया, वनस्पती स्टेरॉल, आणि चिकट तंतूंसाठी चक्क भेंडी आणि वांगी. २००३ साली महिन्याभरात एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या जुन्या एका स्टॅटिन गोळीच्या तोडीस तोड. चिकट तंतू आतड्यात पित्त धरून बाहेर नेतात, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. भेंडीची तार बघून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आपल्याकडे याला परदेशी सामान लागत नाही. रोज एक वाटी घट्ट उसळ, मटकी, मूग, चवळी, वाल, काहीही. आमटी नव्हे! अर्धी वाटी तुरीची डाळ चौघांत पातळ केली तर माणशी पाच-सहा ग्रॅमच प्रथिनं येतात. दोनपैकी एका जेवणात ज्वारीची भाकरी. भाताआधी कोशिंबीर. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, पण फरसाणाच्या *जागी*, फरसाणावर नव्हे. सातूचं (म्हणजे जवाचं) पीठ घेणार असाल तर पाकिटामागचं वाचा, त्यात पुष्कळदा गहू आणि डाळंच असतं. जव वेगळे मिळतात, ते भातात मिसळून शिजवा.

मालवणी_जावई

सासर सदाशिव पेठेत, त्यामुळे दबकत विचारतो : मासे?

टेकडीवाला

विचारा बिनधास्त. ऑक्सफर्डच्या २०१९च्या अभ्यासात मांसाहारी लोकांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्के कमी, मासे खाणाऱ्यांत १३ टक्के कमी. पण त्याच अभ्यासात शाकाहाऱ्यांत पक्षाघात २० टक्के जास्त निघाला, मुख्यतः मेंदूतल्या रक्तस्रावाचा. तेव्हा कुणीच कॉलर ताठ करायला नको. फक्त रव्यात घोळवून तळलेली सुरमई म्हणजे मासा आहे की रवा, ते तुम्ही ठरवा.

हिरवा_देठ

दुधाचं काय ते कुणीच बोलेना.

वाटी_चमचा

दही-ताकाविरुद्ध ठोस पुरावा नाही. रोजचं सायीचं दूध, लोणी, पनीर यांचं संपृक्त स्निग्ध मात्र मोजायला हवं. पूर्ण सोडायचं असेल तरी हरकत नाही, पण एका अटीवर : बी-१२. पुण्यातल्याच ४४१ धडधाकट पुरुषांच्या पाहणीत (पुन्हा डॉ. याज्ञिकांचा गट, २००६) ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! ही दूध-दही खाणारी माणसं होती. ते कमी पडलं की होमोसिस्टीन (हृदयविकाराशी जोडला जाणारा रक्तातला एक घटक) वाढतं, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा येतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर होमोसिस्टीन गोळ्यांनी उतरवून झटके कमी झाल्याचं मोठ्या प्रयोगांत दिसलं नाही, पण नसा वाचवायला बी-१२ लागतंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजूनच. आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या घेऊन निर्धास्त राहू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. हिरवा_देठ, तुमचं शेवटचं कधी तपासलंत?

हिरवा_देठ

...उद्या जाते.

निम्मा_डबा

सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी आहे म्हणून पालेभाजी पूर्ण बंद केलीय. ते बरोबर ना?

वाटी_चमचा

कुठली गोळी ते बघा. कृत्रिम झडपवाल्यांना वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमॅरॉल देतात, त्यावर पालेभाजीतल्या जीवनसत्त्व-के चा परिणाम होतो. तिथेही बंद करायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते. स्टेंटनंतर सहसा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जातीच्या गोळ्या असतात, त्यांना पालकाचं वावडं नाही. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र नारळपाणी, फळं, कमी-सोडियमचं मीठ, सगळं डॉक्टरांना विचारून, कारण पोटॅशियम. आणि सैंधव हेही मीठच आहे हो. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, पापड-लोणच्यासकट.

कोथरूडची_सून

(फेब्रुवारी) धागा वर काढते आहे. तीन महिने झाले.

एलडीएल ६१, ट्रायग्लिसराइड्स १५१, एचडीएल ३७. वजन ७१. बी-१२ १४२ निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. लिपोप्रोटीन-ए वाढलेलं आहे. मुलीलाही तपासायला सांगितलंय.

तेलाचा डबा सात आठवडे गेला. खारी बंद. उसळीने पहिले दहा दिवस घरात जे काय झालं ते लिहीत नाही. मग भिजवलेलं पाणी फेकून देणं, हिंग-ओवा आणि सुरुवातीला अर्धीच वाटी, यावर गाडी आली. सगळ्यात अवघड गेली ती चतुर्थी. साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि काकडीची कोशिंबीर केली तर सासूबाई म्हणाल्या, हा कसला उपास, ह्यात पोटच भरत नाही. मी म्हटलं, आई, उपासच आहे ना?

टेकडीवाला

अभिनंदन! पण एलडीएलचं श्रेय मटकीला देऊ नका हं. ते मुख्यतः स्टॅटिनचं काम. ट्रायग्लिसराइड्स आणि वजन, ते तुमचं. एलडीएल ५५च्या खाली नेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, झटका येऊन गेलेल्यांना हल्ली बरेच जण तेवढं सांगतात.

कोथरूडची_सून

डॉक्टरांनी तेच सांगितलं, एक गोळी वाढवली आहे. मुलगी थोडी हिरमुसली. तिला वाटत होतं, इतकं केल्यावर गोळ्या कमी होतील.

कोथरूडचा_तो_इसम

नमस्कार. वरील संपूर्ण चर्चा ज्या गृहस्थाच्या आतड्यांबद्दल चालू आहे, तो मीच. आजच खातं उघडलं.

तक्रार नाही. भाकरी मला आवडायचीच, करायला वेळ लागतो म्हणून होत नव्हती. आता रविवारी मी थापतो, पहिल्या चार नकाशासारख्या आल्या. मंडईत मीच जातो. चाकवत आणि चंदनबटवा यांतला फरक वयाच्या ५७व्या वर्षी एका भाजीवाल्या मावशींनी शिकवला. चहा पाचावरून दोनावर, दुधाचाच, बिनसाखरेचा. त्यावर तडजोड नाही.

एकच ठराव मांडतो. महिन्यातून एकदा मिसळ.

वाटी_चमचा

तर्री वेगळ्या वाटीत, दोन चमचे. फरसाण चिमूटभर, मटकी दुप्पट, पाव एक. मंजूर.

पर्वतीचे_अण्णा

अनुमोदन. कुठे भेटायचं?

कोथरूडची_सून

घरातले ठराव इथे मांडायचे नाहीत. आणि ती पितळी पळी देव्हाऱ्यातून कुणी काढली?